तिसऱ्यांदा विचारणारी अर्डिस

लुंडबीच्या चर्चच्या तळघरात रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी असते आणि कॉफीबरोबर लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या. ताटातला शेवटचा बार कोणी घेत नाही. एकजण तो अर्धा कापतो, दुसरा येऊन अर्ध्याचा अर्धा करतो, आणि शेवटी नखाएवढा तुकडा उरतो तो भांडी धुणाऱ्या बाईच्या तोंडात जातो. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच कशाला त्रास" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणून हात पुढे करायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत आमच्या पणजोबांनी नॉर्वेहून अमेरिकेला येताना बोटीतून आणली असणार. मी जन्मभर या भागात टपाल वाटलं, घरोघरच्या दारात ही तीन पायऱ्यांची कसरत केली, आणि तरी तिच्याबद्दल कधी विचार केला नव्हता. विचार करायला अर्डिस नीगार्डचा आवाज जावा लागला.

अर्डिस शाळेत माझ्या एक वर्ग पुढे. तेव्हाही ती मला "लोवेल, शेंबूड पूस" म्हणायची, आणि अजून तिच्या नजरेत तेच असतं. बीटच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ती रेडिओवर बसायची. खोऱ्यातले सगळे ट्रक तिच्या आवाजावर चालायचे. कोणी काही बोललं की ती आधी "ऐकलं" म्हणायची, मग काय करायचं ते बघायची. काट्यावर नवीन आलेल्या माणसाला तिचा पहिला धडा हाच असे: "आधी ओ दे, काम मागाहून. ओ आली नाही की माणूस पुन्हा ओरडतो, आणि सगळेच ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही." ट्रकवाल्याचे हात गुंतलेले असले तर त्याने माइकचं बटण दोनदा दाबायचं, टक टक. म्हणजे ऐकलं. तेवढं तिला पुरायचं.

निवृत्त झाल्यावर चर्चच्या वतीने आजारी माणसांना फार्गो शहरातल्या दवाखान्यात न्यायचं काम तिने स्वयंपाकघरातल्या फोनवरून चालवलं. गाड्या आमच्या, फोन तिचे. यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक व्हर्लिन स्कोगन. पाणथळीच्या पलीकडे शेतात एकटा राहतो, बायको गेली, मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जाताना ठीक असतो, पण येताना त्याला चक्कर येते, म्हणून त्याने स्वतः गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी दर वेळी हेच चालायचं:

"व्हर्लिन, उद्या लोवेल येतोय तुला न्यायला."

"छे छे, कशाला? मी जातो माझा."

"तो तसाही फार्गोलाच चाललाय."

"अगं, त्याला माझ्याकडचा वळसा पडेल."

"पडू दे की. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, तुझ्या पोटात का दुखतं?"

"बरं. आता तो येणारच असेल तर..."

मग अर्डिसच्या गळ्यात गाठ निघाली. गाठीबरोबर आवाजाची नसही जाईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. उरली ती नुसती कुजबुज. समोर बसलं तर ऐकू येते, फोनवर फक्त वारा. पास्टरबाईंनी फोनचं काम घेऊन पाहिलं, पण त्यांच्यामागे तीन गावांची चर्चं. मी घेऊन पाहिलं, आणि एकाच सकाळी दोन आजारी माणसं गावाच्या दोन टोकांना थंडीत उभी केली. मला पुन्हा गाडीवर बसवण्यात आलं.

अर्डिस सगळा उन्हाळा वाचनालयात जाऊन बसली. आम्हाला वाटलं, बिचारी मन रमवते आहे. सप्टेंबरात तिने मला घरी बोलावलं, कॉफी ओतली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"तू टपाल वाटायचास तेव्हा प्रत्येक घरापुढची पेटी उघडून बघायचास का, कोणाला पत्र पाठवायचंय का ते?" तिने कुजबुजत विचारलं.

"मला काय वेड लागलंय? पत्र पाठवायचं असलं की लोक पेटीचा लाल झेंडा वर करतात. झेंडा दिसला की थांबायचं."

"वेबहुक म्हणजे तोच झेंडा. फक्त हा स्वतः चालत येऊन दार वाजवतो."

मला माझ्या धंद्यातली उपमा देऊन गप्प करायची तिची ही जुनी खोड. पण कळलं मला. एक नो-कोड बॅकएंड म्हणून जागा तिने शोधली होती. तिथे कोड लिहावा लागत नाही, चौकोनापुढे चौकोन मांडून मागची सगळी यंत्रणा उभी करता येते. त्या जागेने तिला हातभर लांबीचा एक पत्ता दिला होता, तोच वेबहुक. लोकांचे मेसेज जिच्यामार्फत येतात त्या सेवेच्या पानावर तो पत्ता चिकटवायचा, म्हणजे कोणी "गाडी हवी" असा मेसेज केला रे केला की तो या पत्त्यावर येऊन धडकणार. मग पुढचे चौकोन: लिहून ठेव, मोकळा ड्रायव्हर शोध, त्याला कळव, आणि सगळं झालं की पाठवणाऱ्या सेवेला "पोचलं" म्हणून सांग.

पहिले दोन दिवस काही धड चाललं नाही. ती समोर बसली की मेसेज यायचे, ती उठली की बंद. शेवटी तिला दिसलं की तिने चिकटवलेला पत्ता चाचणीपुरता होता, तो तुम्ही बघत असाल तेवढाच वेळ जागा असतो. खरा पत्ता खालच्या ओळीत होता.

"पत्ता चुकला तर टपालखात्याला बोल लावायचा नाही हां," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मला तिला असं काही बोलायची संधी मिळाली होती, मी ती सोडतो की काय!

"तू बार खा," ती म्हणाली.

खरी मजा पुढच्या आठवड्यात झाली. डोळे तपासायला जायचं म्हणून इनेजबाईंनी गाडी मागितली. मी त्यांच्या अंगणात पोचलो तर तिथे दोन पिकअप आधीच उभे. तिघांनाही तोच निरोप आला होता. आता तिघांतल्या एकाने न्यायचं आणि दोघांनी घरी जायचं, यात अवघड काय? पण आम्ही लुंडबीचे. "तू ने." "नाही नाही, तू आधी आलास." "तुझी गाडी गरम आहे." इनेजबाई कोट घालून पायरीवर उभ्या, आणि आमचा आग्रह संपेना. शेवटी चौघं एकाच गाडीतून फार्गोला गेलो आणि येताना हॉटेलात ॲपल पाय खाऊन आलो. त्या बाईंचे डोळे तपासायला एवढी मोठी वरात कोणी नेली नसेल.

अर्डिस हसली नाही. तिने दिवसभर त्या चौकोनांकडे बघत घालवला, आणि संध्याकाळी मला कळवलं की दोष तिचाच. तिची यंत्रणा आधी सगळं काम उरकत होती आणि शेवटी "पोचलं" म्हणत होती. तेवढा वेळ ओ आली नाही म्हणून पाठवणारी सेवा तोच मेसेज पुन्हा पाठवत होती, पुन्हा पाठवत होती, आणि दर वेळी नवा ड्रायव्हर निघत होता.

"आयुष्यभर लोकांना शिकवलं, आधी ओ दे," ती म्हणाली. "आणि स्वतः मांडायला बसले तर ओ शेवटी ठेवली. लाज वाटते मला."

तिने "पोचलं"चा चौकोन उचलून सगळ्यांच्या आधी नेला. शिवाय प्रत्येक मेसेजच्या अंगावर एक खूण असते, ती खूण आधी येऊन गेली असेल तर गप्प बसायचं, असंही यंत्राला शिकवलं. त्यानंतर कोणाच्या अंगणात दोन गाड्या आल्या नाहीत. तिला कोणी शाबासकी दिली नाही, कारण आमच्याकडे देत नाहीत. पण मी सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. आमच्यापैकी निम्मे लोक टीव्हीचा रिमोट बिघडला तर मुलाच्या फोनची वाट बघतात.

ज्यांना ठरलेल्या दिवशी जावंच लागतं, त्यांना यंत्र आदल्या दिवशी आपणहून विचारायचं: "उद्या गाडी पाठवू का?" उत्तर हो आलं की ड्रायव्हर निघायचा, नाही आलं की ती फेरी रद्द. पानगळ संपेपर्यंत छान चाललं. मला वाटायचं, व्हर्लिनला हल्ली त्याचा पुतण्या नेत असेल, कारण माझ्या वाट्याला तो येईनासा झाला होता.

नोव्हेंबरात एका बुधवारी व्हर्लिनचा पिकअप परतीच्या वाटेवर चरात गेला. बर्फ सारणाऱ्या गाडीवाल्याने त्याला बघितलं म्हणून बरं. लागलं नाही, पण स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, कुठे आहे ते त्याला सांगता येईना. शुक्रवारी तो डायलिसिसला गेलाच नाही. दवाखान्यातल्या नर्सने पास्टरबाईंना फोन केला: सोमवारही चुकला तर पाणी छातीत चढेल, मग आम्हाला फार काही करता येणार नाही.

पास्टरबाई शनिवारी स्वतः त्याच्याकडे गेल्या. त्यांनी विचारलं, तो म्हणाला, नको, माझी सोय आहे. त्या परत आल्या. पास्टरबाई टेक्ससच्या आहेत, चांगल्या आहेत, पण "नको" म्हणजे नको असं त्यांना वाटतं.

अर्डिसने यंत्रातली व्हर्लिनची सगळी उत्तरं माझ्यासमोर उघडली. "नको, त्रास नको." "नको, मी जातो." "नको, दुसऱ्या कोणाला न्या." एकेका नकारावर यंत्राने आज्ञाधारकपणे फेरी पुसून टाकली होती. पुतण्या वगैरे काही नव्हता. तो सगळा वेळ एकटा गाडी चालवत होता.

"तो नाही म्हणाला, यंत्राने ऐकलं. यात तुझा काय दोष?" मी म्हणालो.

ती अशी काही माझ्याकडे वळली की मी कॉफीचा कप खाली ठेवला. "हे त्याचं पहिलं 'नको' आहे, लोवेल! पहिलं! माझा आवाज होता तेव्हा हा माणूस कधी पहिल्यांदा हो म्हणाला होता? मी इथे जन्मले, इथेच म्हातारी झाले, आणि मी असं यंत्र बनवलं जे एकदाच विचारतं. असं तर परक्या माणसालाही आपण वागवत नाही."

मग तिचे डोळे भरले. कुजबुजत रडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"सोमवारी मी सरळ त्याच्या दारात जाऊन उभा राहतो," मी म्हणालो.

"न विचारता? तो कोठाराच्या मागे लपेल, आणि तू गेलास की गाडी काढेल. आणि व्हर्लिन काय एकच आहे? लुंडबीत दगड मारला तर तो व्हर्लिनलाच लागेल."

तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला. व्हर्लिनचं उत्तरही वेबहुकनेच येतं, झेंडा वर होतो. आता त्यात पहिलं "नको" दिसलं तर फेरी पुसायची नाही. थोडं थांबायचं आणि दुसऱ्या शब्दांत विचारायचं. पुन्हा "नको" आलं तर पुन्हा थांबायचं आणि तिसऱ्यांदा विचारायचं. तिसरं "नको" मात्र खरं धरायचं. मधला वेळ किती ठेवायचा यावर ती बराच वेळ अडली.

"लगेच विचारलं तर ती जबरदस्ती होते," ती म्हणाली. "एक कप कॉफी पिऊन होईल एवढा ठेवते."

दुसऱ्या मेसेजात तिने लिहिलं: "लोवेल तसाही फार्गोला चाललाय."

"मी कुठे चाललोय?" मी म्हणालो. "यंत्राला खोटं बोलायला शिकवतेस?"

"मुळीच नाही. फार्गोच्या शिवणाच्या दुकानातून मला निळा दोरा हवाय. सोमवारी घेऊन ये." तिने खणातून रिकामं रीळ काढून माझ्या हातात ठेवलं. "झालं खरं?"

रविवारी चर्चची कॉफी झाल्यावर मी तिच्याकडे जाऊन बसलो. वादळाचा इशारा होता, खिडकीबाहेर आभाळ खाली उतरलं होतं. पहिला प्रश्न गेला. उत्तर आलं: "नको. रस्ते ठीक आहेत." पडद्यावर फेरी पुसली गेली नाही, नुसती पिवळी झाली. आम्ही कॉफी प्यालो. दुसरा प्रश्न गेला. उत्तर आलं: "लोवेलची पाठ दुखते. त्याला कशाला बाहेर काढता?"

"माझ्या पाठीचं याला कोणी सांगितलं?" मी म्हणालो.

"तूच. सगळ्या गावाला," अर्डिस म्हणाली, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं.

तिसरा प्रश्न तिने असा लिहिला होता: "गाडीत जागा रिकामी जातेय, व्हर्लिन. मला बरं वाटेल." तो गेला. आणि उत्तर आलंच नाही. एक कप झाला, दुसरा झाला. पडदा पिवळा तो पिवळा. बर्फ पडायला लागला होता. हो आलं तर काय आणि नको आलं तर काय, हे तिने यंत्राला शिकवलं होतं. काहीच आलं नाही तर काय, हे कोणी शिकवलं नव्हतं.

अर्डिस उठली. भिंतीवरचा जुना फोन, ज्याला तिने ऑपरेशननंतर हात लावला नव्हता, तो तिने उचलला आणि नंबर फिरवला. रिसीव्हर आमच्या दोघांच्या मधे धरला.

"हॅलो?" व्हर्लिनचा आवाज दमलेला होता. "हॅलो? कोण आहे?"

अर्डिस बोलली. मला शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं, त्याला काय येणार! "हॅलो? काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं तर तिने मला कोपर मारलं. तिने नखाने रिसीव्हरवर दोनदा वाजवलं. टक टक.

व्हर्लिनने तरुणपणी तिच्या काट्यावर कितीतरी हंगाम बीट वाहिले होते.

"अर्डिस?" तो म्हणाला. "तू आहेस होय?"

टक टक.

"तो तिसरा मेसेज दिसला मला. काय लिहावं कळेना. सरळ हो लिहिलं तर हावरट दिसतं गं. सकाळपासून धाप लागतेय. लोवेल जाणारच असेल तर... येतो."

अर्डिसने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हणालो, "सकाळी तयार राहा. मला दोरा आणायचाय."

सोमवारी रस्ते बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. नर्सने त्याला बघितलं आणि आधी डायलिसिसच्या खुर्चीत बसवलं. त्याचे सुजलेले घोटे बोटाने दाबले तर खड्डा पडत होता. परतीला बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे मागे आलो, तो सगळी वाट झोपला होता. निळा दोरा मी विसरलो नव्हतो.

त्या आठवड्यात अर्डिसने यंत्राला आमचे होकार शिकवले. "बरं मग", "एवढं म्हणताय तर", "तो जाणारच असेल तर", "काही बिघडणार नाही म्हणा": ही सगळी हो. आणि एक चौकोन शेवटी जोडला. तिसऱ्यांदा विचारूनही ओ आली नाही, तर यंत्राने अर्डिसचा फोन वाजवायचा आणि नाव सांगायचं. पुढचं ती बघणार, नखाने का होईना. त्या हिवाळ्यात तो फोन बऱ्याचदा वाजला, आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही.

एप्रिलमध्ये अर्डिसच्या गळ्याची तपासणी होती, फार्गोलाच. गाठ पुन्हा तर आली नाही ना, ते बघायचं होतं. तिने कोणाला सांगितलं नाही, पण पास्टरबाईंना कळलं आणि त्यांनी गुपचूप तिचं नाव यंत्रात घातलं. त्या आता बऱ्याच सुधारल्या आहेत. फेरी माझ्याकडे आली. थोड्या वेळाने माझ्या फोनवर आलं: अर्डिस नीगार्ड, पहिलं उत्तर, नको. मग: दुसरं उत्तर, नको, व्हर्लिनचा दिवस आहे, त्याला उशीर होईल. त्यानंतर काहीच आलं नाही.

सकाळी व्हर्लिनला घेतलं आणि त्याला न विचारता गाडी अर्डिसच्या घराकडे वळवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत होती. टेबलाशी बसली होती, अंगात घरातला झगा, आणि समोर फोन होता. रात्रीपासून तो थोड्या थोड्या वेळाने तिला सांगत होता की अर्डिस नीगार्ड यांनी उत्तर दिलेलं नाही, आणि पुढचं बघायला तिच्याशिवाय त्याला कोणी माहीत नव्हतं.

मी पट्टा सोडायला लागलो. "तू बस," व्हर्लिन म्हणाला. "तुझी पाठ दुखते."

तो काठी टेकत, वितळत्या बर्फातून, माझा जीव टांगणीला लावत दारापर्यंत गेला. काचेवर त्याने बोटाने वाजवलं. टक टक.

अर्डिसने दार उघडलं. काहीतरी कुजबुजली, बहुतेक नकोच म्हणाली असेल.

"अगं, आम्ही तसेही तिकडेच चाललोय," व्हर्लिन म्हणाला.

ती आत गेली आणि कोट घेऊन आली.